प्रतिकारशक्ती दुबळी असताना विषाणू काय करतात

पाऊस सुरू झाला की कोकणात घरोघरी एखाददुसरे माणूस तापाने अंथरूण धरते, पेज पिऊन चार दिवस काढते आणि पुन्हा शेतावर किंवा दुकानात जाऊ लागते. बहुतेक विषाणूजन्य तापांचा हाच क्रम असल्यामुळे ‘व्हायरल आहे, जाईल आपोआप’ असे आपण सहज म्हणतो, आणि धडधाकट माणसाच्या बाबतीत ते बहुधा खरेही ठरते. मात्र त्याच वाडीत आता किडनी बदललेला एखादा गृहस्थ असतो, मुंबईला केमोथेरपी घेऊन परतलेली एखादी बाई असते, संधिवातासाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेणारे आजोबा असतात, एचआयव्हीची औषधे नियमाने घेणारे एखादे जोडपे असते. या माणसांच्या बाबतीत तेच बोलणे धोक्याचे ठरू शकते.

ताप हा विषाणूचा गुण नसून शरीराने विषाणूला दिलेले उत्तर आहे, हे सर्वांत आधी लक्षात घ्यावे लागते. विषाणू पेशीत शिरला की त्या पेशीतून आणि पांढऱ्या पेशींतून इंटरफेरॉनसारखी रसायने रक्तात सुटतात, त्यांचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो आणि मेंदू शरीराचे तापमान वाढवतो. अंग मोडून येते, गळ्याच्या गाठी सुजतात, अन्नावरची वासना उडते, ते सारे बहुतांशी या झुंजीचेच परिणाम असतात. गोवराचे पुरळसुद्धा केवळ विषाणूमुळे उठत नाही. विषाणू शिरलेल्या पेशींवर टी पेशी हल्ला करतात तेव्हा ते त्वचेवर उमटते. म्हणून ज्या मुलाच्या टी पेशी रक्ताच्या कर्करोगाने किंवा त्यावरच्या औषधांनी खालावल्या आहेत, त्याला गोवर होऊन अंगावर एकही पुरळ न उठता थेट फुप्फुसाचा जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. लक्षणे सौम्य असली की आजारही सौम्य, हा आपला रोजचा हिशेब इथे चुकतो. पुढे जे काही सांगितले आहे ते बहुतेक याच एका गोष्टीतून निघते.

प्रतिकारशक्ती म्हणजे शरीरातली एकच एक वस्तू नव्हे. बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात, आणि ही प्रतिपिंडे पेशीच्या बाहेर फिरणाऱ्या विषाणूला पकडतात. पण विषाणू एकदा पेशीच्या आत गेला की प्रतिपिंडांचा फारसा उपयोग होत नाही, तेव्हा ती बाधित पेशीच नष्ट करण्याचे काम टी पेशींना करावे लागते. यातले नेमके काय दुबळे झाले आहे, यावर कोणत्या विषाणूची भीती अधिक ते ठरते. किडनी बदललेल्या रुग्णाला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन अशी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून टी पेशींना मुद्दाम आवर घातलेला असतो. रिटुक्सिमॅब हे काही रक्ताच्या कर्करोगांत आणि संधिवातात दिले जाणारे औषध बी पेशी जवळजवळ संपवते आणि त्या पुन्हा भरून यायला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो, त्यामुळे त्या काळात दिलेली लस बहुधा वाया जाते. एचआयव्ही सीडी४ नावाच्या टी पेशींनाच लक्ष्य करतो. निरोगी माणसात या पेशी रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की एड्सची अवस्था मानतात, आणि ५० च्या खाली गेल्या की एरवी गप्प असलेला एक विषाणू डोळ्याच्या पडद्यावर चढून दृष्टी घालवू शकतो. मधुमेह, डायलिसिस, कुपोषण आणि उतारवय यांमुळेही प्रतिकारशक्ती घटते, पण ती इतकी खोलवर नाही.

स्टेरॉइडविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. दररोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ घेणाऱ्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे, असे डॉक्टर धरून चालतात. डॉक्टरांनी लिहून दिलेले स्टेरॉइड निदान चिठ्ठीवर तरी असते. सांधेदुखी किंवा दमा ‘मुळापासून’ बरा करणाऱ्या बिननावाच्या पुड्यांचे तसे नसते; अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे अनेकदा आढळले आहे. ती पुडी वर्षभर घेणाऱ्या माणसाला आपली प्रतिकारशक्ती खालावली आहे हे ठाऊकच नसते, आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसते. वर स्टेरॉइड तापही दाबते. माझ्या मते या विषयातली सर्वांत काळजीची गोष्ट हीच आहे.

आता विषाणू येतात कोठून, ते पाहू. बाहेरून येणारे विषाणू आपल्याला ठाऊक असतात, पण प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना पुष्कळदा त्रास होतो तो बालपणापासून शरीरात राहिलेल्या विषाणूंचा. खाडीकाठच्या शेताला बांध घातलेला असतो तेव्हा खारे पाणी नाहीसे झालेले नसते. ते रोज भरतीला बांधापर्यंत येते, आणि बांध खचला की आत शिरते. नागीण वर्गातले, म्हणजे हर्पिस कुळातले माणसाला होणारे आठही विषाणू असेच एकदा शरीरात आले की कायमचे राहतात, आणि टी पेशी त्यांना जन्मभर आवरून धरतात.

त्यांतला आपल्या सर्वांच्या परिचयाचा विषाणू कांजिण्यांचा. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो. वय वाढले किंवा टी पेशी दुबळ्या झाल्या की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो, आणि छातीवर, कमरेवर किंवा कपाळावर पाण्याच्या फोडांचा पट्टा उठतो. हीच नागीण. नागिणीची दोन्ही तोंडे मिळाली की माणूस दगावतो, अशी समजूत आपल्याकडे जुनी आहे. प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरलेला असल्यामुळे नागीण सहसा मध्यरेषा ओलांडत नाही, आणि निरोगी माणसाला या समजुतीपायी घाबरण्याचे कारण नाही. परंतु प्रतिकारशक्ती फार घटलेल्या माणसात ती एका पट्ट्यावर थांबत नाही. फोड अंगभर पसरतात आणि विषाणू फुप्फुस, यकृत किंवा मेंदूपर्यंत जाऊ शकतो. अशा वेळी गेरू किंवा पाल्याचा लेप लावून आठवडा घालवणे फार महागात पडते. अॅसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोग होतो, आणि दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या रुग्णाला ती मुदत उलटली तरी औषध द्यावेच लागते. फोड पसरलेले असतील तर रुग्णालयात दाखल करून तेच औषध शिरेतून देतात. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर डोळ्याला धोका असतो, म्हणून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे लागते.

कांजिण्यांची आणखी एक बाजू किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी जाणून घ्यावी. थंड हवेच्या देशांत कांजिण्या बहुतेकांना लहानपणीच होऊन जातात. उष्ण आणि दमट प्रदेशांत मात्र त्या न होता मोठी झालेली माणसे तुलनेने अधिक सापडतात. अशा माणसाची किडनी बदलली किंवा केमोथेरपी सुरू झाली, आणि घरात नातवाला कांजिण्या आल्या किंवा कोणाला नागीण झाली, तर त्याला पहिल्यांदाच आणि अतिशय तीव्र कांजिण्या होऊ शकतात. संपर्क आल्यापासून १० दिवसांच्या आत विशिष्ट इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन देता येते, आणि ते मिळत नसेल तर अॅसायक्लोव्हिरच्या गोळ्यांचा आधार घेतात. म्हणजे फोड उठण्याची वाट न पाहता, संपर्क आला त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे असते.

किडनी बदलणाऱ्या डॉक्टरांच्या तुकड्यांना सर्वाधिक सतावणारा विषाणू सायटोमेगॅलो, ज्याला सारे ‘सीएमव्ही’ म्हणतात. तो लाळ, लघवी आणि आईच्या दुधातून लहानपणीच शिरतो आणि निरोगी माणसाला बहुधा त्याचा पत्ताही लागत नाही. भारतात दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडतात. सर्वांत मोठा धोका असतो तो ज्याला हा संसर्ग कधीच झालेला नाही अशा रुग्णाला संसर्ग झालेल्या दात्याची किडनी बसवली जाते तेव्हा, कारण त्या अवयवाबरोबर विषाणूही येतो आणि रुग्णाच्या टी पेशींना त्याची मुळीच ओळख नसते. म्हणून प्रत्यारोपणानंतर सुरुवातीचे तीन ते सहा महिने व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर देण्याची पद्धत आहे. हे औषध महाग असते, आणि परवडत नाही म्हणून ते मध्येच सोडणारे रुग्ण असतात. सोडण्याऐवजी त्यांनी तसे स्पष्ट सांगावे, कारण ठरावीक दिवसांनी रक्तातला विषाणू मोजून, तो वाढल्यावरच औषध देण्याचा दुसरा मार्गही उपलब्ध आहे. सीएमव्ही जागा झाला की कधी बारीक ताप, कधी जुलाब, कधी नुसती पांढऱ्या पेशींची घट एवढेच दिसते. मूत्रमार्गात राहणारा बीके विषाणू तर तेवढेही दाखवत नाही. रक्तातले क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावले की वाढणारा घटक) वाढेपर्यंत तो बसवलेल्या किडनीचे नुकसान करत राहतो, आणि त्याच्यावर खात्रीचे औषध नसल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करणे हाच मुख्य उपाय उरतो. ‘बरे वाटत असताना रक्त-लघवी तपासायला मुंबईला कशाला जायचे’ या प्रश्नाचे उत्तर या दोन विषाणूंत आहे.

हिपॅटायटिस बी या विषाणूची गोष्ट निराळी असली तरी तितकीच गंभीर आहे. कावीळ होऊन गेली, तपासणीत विषाणू सापडत नाही, तरी त्याची जनुकीय प्रत यकृताच्या पेशींच्या केंद्रकात शिल्लक राहते. पुढे केमोथेरपी, रिटुक्सिमॅब किंवा जास्त मात्रेतले स्टेरॉइड मिळाले की तो पुन्हा वाढू लागतो, आणि उपचार संपून प्रतिकारशक्ती परत येऊ लागली की ती विषाणू भरलेल्या यकृतावर तुटून पडते. त्यात यकृत निकामी होऊन मृत्यूही येऊ शकतो. हे टाळता येते, आणि तेही स्वस्तात. उपचार सुरू करण्याआधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या दोन रक्ततपासण्या करायच्या, आणि गरज असेल तर एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिरची रोज एक गोळी सुरू करून ती उपचार संपल्यानंतरही बरेच महिने चालू ठेवायची. रिटुक्सिमॅब घेतलेल्यांना ती निदान वर्षभर तरी लागते. अशा रुग्णाचे डोळे पिवळे दिसले तर कावीळ उतरवणाऱ्याकडे नेण्यात गेलेला प्रत्येक दिवस यकृताला भोवतो.

बाहेरून येणाऱ्या विषाणूंत फ्लूला पहिले स्थान द्यावे लागेल. महाराष्ट्रात त्याची एक लाट पावसाळ्यात येते, दुसरी हिवाळ्याच्या शेवटी. पावसाळ्याच्या उत्तरार्धातच गणपती येतात, चाकरमानी गाड्या भरभरून गावी पोहोचतात आणि एरवी दोन माणसांच्या घरात वीस माणसे राहतात. हा आनंद कोणी सोडावा असे मुळीच म्हणायचे नाही. पण ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने किडनी बदललेल्या काकांच्या खोलीत झोपू नये आणि आरतीच्या गर्दीत त्यांच्या शेजारी उभे राहताना मास्क लावावा, एवढे प्रत्येक कुटुंबाला जमण्यासारखे आहे. फ्लूवरचे ओसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत घेतले तर उत्तम, पण या रुग्णांमध्ये उशीर झाला तरी ते द्यावे, कारण त्यांच्या शरीरातून विषाणू लवकर जात नाही. कोविडने हे फार ठळकपणे दाखवून दिले; लंडनमधील एका रुग्णाच्या शरीरात तो विषाणू ५०५ दिवस टिकल्याचे तेथील डॉक्टरांनी २०२२ मध्ये मांडले. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली होती. एक गोवराचा रुग्ण, कोणालाच संरक्षण नसेल तर, १२ ते १८ जणांना बाधा देऊ शकतो आणि तो खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो; कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक घराचे मुंबईशी येणे-जाणे असताना ही साथ दूरची मानता येत नाही.

पावसाळ्यातल्या तापाला कोकणात एक वेगळी अडचण आहे. डेंग्यू विषाणूने होतो, पण तसाच ताप मलेरियाने येतो, लेप्टोनेही (लेप्टोस्पायरोसिस) येतो, आणि लेप्टो हा जिवाणूचा आजार असल्यामुळे प्रतिजैविकाने बरा होतो. शेतात चिखलात उतरलेल्या, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाचा ताप तपासणीशिवाय ‘व्हायरल’ ठरवणे म्हणजे बरा होणारा आजार हातचा घालवणे होय. तापात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या तर या माणसांनी घेऊच नयेत. डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि बसवलेल्या किडनीलाही त्या अपाय करतात. तापासाठी ठरल्या मात्रेत पॅरासिटामॉल पुरते. दक्षिण सिंधुदुर्गात माकडतापही लक्षात ठेवावा लागतो. हा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, आणि २०१६ पासून दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळू लागले. तो गोचिडीच्या चाव्यातून येतो आणि त्याचा जोर काजूच्या हंगामात असतो. त्याच्यावर विशिष्ट औषध नाही, म्हणजे बरे होणे मुख्यतः शरीराच्या स्वतःच्या बळावर अवलंबून असते. म्हणून त्या भागातल्या अशा रुग्णाने हंगामात काजूच्या बागेत किंवा पाचोळा गोळा करायला जाऊ नये, आणि माकड मेलेले दिसले तर आरोग्य केंद्राला कळवावे.

उपचारांच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. प्रत्यारोपण शक्य करणाऱ्या सुरुवातीच्या औषधांपैकी एक म्हणजे अॅझाथायोप्रिन. ते ज्या औषध कंपनीत तयार झाले, तिथेच पुढे गर्ट्रूड एलियन यांच्या तुकडीने अॅसायक्लोव्हिर विकसित केले. प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आणि त्या दाबण्यामुळे डोके वर काढणाऱ्या विषाणूवरचे औषध, अशी दोन्ही एकाच शास्त्रज्ञ स्त्रीच्या कामातून आली, आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अॅसायक्लोव्हिरची खुबी अशी, की विषाणूच्याच एका विकरामुळे ते कार्यक्षम होते, म्हणून बाधित पेशी सोडून इतर पेशींना त्याचा फारसा त्रास होत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर औषधे प्रतिकारशक्तीच परत मिळवून देतात. भारतात ती सरकारी केंद्रांतून २००४ पासून मोफत मिळतात, आणि २०१७ पासून सीडी४ चा आकडा कितीही असला तरी निदान होताच सुरू केली जातात.

औषधे कमी करण्याचा निर्णय मात्र घरी होता कामा नये. विषाणू जागा झाला म्हणून प्रत्यारोपणाची गोळी आपणच बंद केली, तर शरीर ती किडनी नाकारते आणि पुन्हा डायलिसिसवर यावे लागते. याच कारणासाठी ‘इम्युनिटी वाढवणारे’ काढे आणि गोळ्या या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. जी शक्ती विचारपूर्वक खाली ठेवली आहे ती वाढवण्याचा प्रयत्न इथे उपकारक नाही. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले काही रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो संबंध मान्य केला नाही. तो वाद बाजूला ठेवला तरी प्रत्यारोपणाच्या रुग्णाने हा धोका पत्करण्यासारखे त्यात काही नाही.

लशींचा नियम तसा सोपा आहे. मृत विषाणूच्या किंवा त्याच्या तुकड्यांच्या लशी, म्हणजे फ्लूचे इंजेक्शन, हिपॅटायटिस बी आणि नागिणीवरची नवी दोन मात्रांची लस, या रुग्णांना चालतात. फक्त त्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. जिवंत विषाणूच्या लशी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, तोंडावाटे पोलिओ, नाकात फवारण्याची फ्लूची लस, प्रतिकारशक्ती फार कमी असताना देत नाहीत, कारण त्यातला क्षीण विषाणूही अशा शरीरात वाढू शकतो. त्यामुळे प्रत्यारोपण ठरले की ते होण्याच्या पुरेसे आधी या लशी आटोपून घेणे शहाणपणाचे असते. घरातल्या इतर सर्वांनी मात्र आपापल्या लशी पूर्ण घ्याव्यात, फ्लूची तर पावसाच्या आधी, एप्रिल-मे महिन्यातच, कारण रुग्णाला लस लागू पडली नाही तर त्याच्याभोवतीची माणसे हेच त्याचे संरक्षण असते. घरातल्या बाळाला पोलिओचे थेंब किंवा रोटाव्हायरसची लस दिली असेल तर त्या लशीतला विषाणू काही आठवडे त्याच्या शीमधून बाहेर पडतो. दुपटी बदलण्याचे काम आजारी आजीकडे देऊ नये आणि इतरांनी हात साबणाने धुवावेत.

केमोथेरपी चालू असताना ताप एकदा जरी १०१ फॅरनहाइट झाला, किंवा १००.४ वर तासभर टिकला, तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते, कारण तापामागे विषाणू आहे की जिवाणू हे बाहेरून ओळखता येत नाही आणि जिवाणूचा संसर्ग काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो. जवळचे रुग्णालय तालुक्याचे असेल, तर तिथल्या डॉक्टरांच्या हाती मुंबईची डिस्चार्ज समरी, चालू औषधांची यादी आणि प्रत्यारोपण तुकडीचा फोन नंबर पहिल्या पाच मिनिटांत पडायला हवा. खोकल्यासाठी सर्रास दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरचे फ्लुकोनाझोल टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढवून किडनीला इजा करू शकतात, तर क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन तीच पातळी एकदम खाली आणते. साध्या जुलाबानेही ही पातळी वाढते, म्हणून किडनी बदललेल्या माणसाला दोन दिवस जुलाब झाले तर जुलाबाचे औषध देऊन थांबू नये. टॅक्रोलिमसची पातळी, क्रिएटिनिन आणि सीएमव्ही या तिन्ही तपासण्यांसाठी रक्त पाठवावे.